तोंडाच्या कर्करोगाच्या गाठीत पेप्टाइड किती खोल जातं: गणिती प्रतिमानाच्या नोंदी

१२ जून २०२४, रत्नागिरी

कर्करोगाच्या पेशीपर्यंत औषध वाहून नेणारा रेणू ठरला: ए२०एफएमडीव्ही२. वीस अमिनो आम्लांची सरळ साखळी, म्हणजे पेप्टाइड; लाळ्या-खुरकुताच्या विषाणूच्या कवचातल्या व्हीपी१ प्रथिनाचा तुकडा. साखळीच्या मध्यावर आर्जिनिन-ग्लायसिन-ॲस्पार्टिक आम्ल हे त्रिकूट आहे. त्याच्या जोरावर ती अल्फा-व्ही-बीटा-६ या इंटेग्रिनला (पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर, म्हणजे रेणू पकडणारं प्रथिन) नॅनोमोलर (लिटरमागे मोलचा अब्जांश) किंवा त्याहूनही घट्ट पकडते. निरोगी प्रौढाच्या तोंडाच्या अस्तरात हा रिसेप्टर जेमतेम असतो, जखम भरताना वाढतो आणि तोंडाच्या स्क्वॅमस कर्करोगात भरपूर सापडतो. मशेरी आणि तंबाखू घराघरात असलेल्या आपल्या किनारपट्टीसाठी यापेक्षा जवळचं लक्ष्य शोधायला नको.

पेप्टाइडला रिसेप्टरचा पत्ता देऊन औषध पाठवण्याची पद्धत प्रत्यक्ष उपचारात आलेली आहे. ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी अणू जोडलेल्या डोटाटेट या पेप्टाइडला अमेरिकेत जानेवारी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होतं. पण किरणोत्सारी कण शेजारच्या पेशींपर्यंत पोचतात. पेशीच्या आत शिरूनच काम करणारं औषध पेप्टाइडला जोडलं, तर ज्या पेशीपर्यंत पेप्टाइड गेलं नाही ती वाचते. म्हणून या प्रकल्पात एकूण किती औषध गाठीत शिरलं याबरोबरच ते केशवाहिनीपासून किती अंतरापर्यंत गेलं हे स्वतंत्र मोजायचं.

१५ जून

रचना क्रोग सिलिंडरची. ऑगस्ट क्रोग यांनी १९१९ मध्ये स्नायूतल्या ऑक्सिजनसाठी ती मांडली, गाठीलाही ती चालते. मधोमध ८ मायक्रोमीटर त्रिज्येची केशवाहिनी, भोवती ७५ मायक्रोमीटर त्रिज्येपर्यंतची ऊती. म्हणजे भिंतीपासून सर्वांत दूरची पेशी ६७ मायक्रोमीटरवर. बाहेरच्या कडेला प्रवाह शून्य, कारण पलीकडे शेजारच्या केशवाहिनीचा इलाका सुरू होतो.

प्रत्येक बिंदूवर तीन अज्ञात: पेशींच्या फटींतलं मुक्त पेप्टाइड, रिकामे रिसेप्टर, भरलेले रिसेप्टर.

मुक्त पेप्टाइडच्या बदलाचा दर = विसरण − जोडणी + सुटणं.
रिकाम्या रिसेप्टरचा दर = नवी निर्मिती − आत ओढले जाणं − जोडणी + सुटणं.
भरलेल्यांचा दर = जोडणी − सुटणं − आत ओढले जाणं.

आत ओढलेल्या पेप्टाइडची बेरीज चौथ्या रकान्यात ठेवायची. औषधाच्या दृष्टीने कामाचा आकडा तोच.

भिंतीवरची अट: आत येणारा प्रवाह = पारगम्यता × (रक्तातली संहती − भिंतीलगतच्या फटीतली संहती). इथे एक जागा कायम फसवते. संहती संपूर्ण ऊतीच्या घनफळावर धरली आहे की फक्त फटींच्या घनफळावर, हे प्रत्येक पदात तपासावं लागतं. फटींचा वाटा ०.४ धरला आहे. तो एका पदात लावला आणि दुसऱ्यात राहिला की उत्तर अडीच पटीने सरकतं, आणि आलेख मात्र दिसायला अगदी शहाणा दिसतो.

द्रवाच्या प्रवाहाचं पद घेतलेलं नाही. गाठीच्या आतला दाब वाढलेला असतो, त्यामुळे गाभ्यात प्रवाह जवळजवळ थांबतो. वेग सेकंदाला ०.१ मायक्रोमीटर धरला तरी पेक्ले संख्या (प्रवाह आणि विसरण यांच्या जोराचं गुणोत्तर) ०.०६ येते, म्हणजे विसरणच वरचढ. प्रतिपिंडांसारख्या मोठ्या रेणूंसाठी हे पद असं सोडून चालणार नाही.

१९ जून

पायाभूत मूल्यं. ही गृहीतं आहेत. प्रत्येकाभोवती पट्टा ठेवून नंतर ढवळायची आहेत.

विसरण गुणांक १२० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद. पारगम्यता ०.०५ मायक्रोमीटर प्रति सेकंद. प्रतिपिंडासाठी हीच ०.००३ च्या आसपास धरतात. पेप्टाइड लहान, म्हणून जास्त, पण नेमकी किती यावरच सगळ्यात मोठा पट्टा आहे: ०.०१ ते ०.३.

रिसेप्टर: पेशीमागे ३ लाख, मिलिलिटरमध्ये ५० कोटी पेशी. गुणाकार करून ॲव्होगाड्रो संख्येने भागलं की २५० नॅनोमोलर. आत ओढलं जाण्याचा अर्धकाळ ३० मिनिटं, म्हणजे दर ०.०००३८५ प्रति सेकंद. जोडणीचा दर ५ लाख प्रति मोलर प्रति सेकंद, सुटण्याचा ०.०००५ प्रति सेकंद, म्हणून विघटन स्थिरांक (जितका लहान तितकं बंधन घट्ट) १ नॅनोमोलर. सगळं नॅनोमोलर, मायक्रोमीटर आणि सेकंदांतच ठेवायचं. जोडणीचा दर मोलरमध्ये राहिला तर एक अब्ज पटीची चूक होते आणि सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) कसलीही तक्रार करत नाही.

रक्तातला अर्धकाळ मूत्रपिंडावरून काढला. २१६३ डाल्टनचा रेणू गाळणीतून बिनदिक्कत जातो. २५ ग्रॅमच्या उंदरात पेशीबाहेरचं पाणी सुमारे ५ मिलिलिटर, गाळण मिनिटाला सुमारे ०.२५ मिलिलिटर. ०.६९३ × ५ ÷ ०.२५ = १४ मिनिटं. ही वरची मर्यादा झाली, कारण रक्तातली विकरं साखळी तोडतात तो वेग यात नाही. सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं आणि त्याचीच आखूड, विकरांना सहज दाद न देणारी आवृत्ती ऑक्ट्रिओटाइड दीड तास टिकते. विकरांचा फरक एवढा मोठा असतो. आपली साखळी सरळ आहे, तिच्यात दोन आर्जिनिन आणि एक लायसिन आहे, आणि ट्रिप्सिनच्या जातीची विकरं नेमकी त्यांच्यामागे कापतात.

मात्रा: ५ नॅनोमोल. ५ मिलिलिटरमध्ये पसरली की सुरुवातीची संहती १००० नॅनोमोलर.

मात्रेबद्दल प्रयोगशाळेशी बोलताना हे पक्कं करून घ्यायचं: मायक्रोग्रॅमचा आकडा भुकटीचा आहे की शुद्ध पेप्टाइडचा? शुद्धीकरणानंतर पेप्टाइड बहुधा ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाचा क्षार म्हणून येतं. या रेणूवर चार आम्लारीधर्मी गट आहेत (दोन आर्जिनिन, एक लायसिन, एक टोक). प्रत्येकाला एक आम्लरेणू, ११४ डाल्टनचा. म्हणजे २१६३ मागे ४५६ डाल्टन क्षाराचे, आणि भुकटीत पेप्टाइड ८३ टक्क्यांहून कमी. त्यात पाणी वेगळं. पावसाळ्यात किनाऱ्यावर फ्रीजमधली कुपी थेट उघडली की थंड भुकटीवर दव धरतं आणि वजन आणखी फसवं होतं. कुपी सिलिका जेलच्या डब्यात खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच झाकण उघडावं.

२४ जून

संगणक लावण्याआधी कागदावर. हीच नोंद सगळ्यात महत्त्वाची, कारण पुढचं प्रत्येक उत्तर हिच्याशी ताडायचं आहे.

बंधन नसेल तर ६७ मायक्रोमीटर ओलांडायला किती वेळ? अंतराचा वर्ग भागिले विसरण गुणांक: ३७ सेकंद. फारच झटपट.

बंधन असेल तर? मुक्त रेणूला रिसेप्टर पकडण्याचा दर ०.३१ प्रति सेकंद, म्हणजे तीन सेकंदांत तो अडकतो. तेवढ्यात तो २० मायक्रोमीटर जातो. पेशीचा व्यास साधारण तेवढाच. भिंतीलगतच्या पहिल्या थरातच रेणू पकडला जातो. तो थर भरला की पुढच्याला वाट मिळते. बांधावरून पाणी सोडलेल्या शेताच्या कुणग्यांसारखं, एक भरल्याशिवाय दुसऱ्यात जात नाही. बंधन-अडथळा म्हणतात तो हाच.

भिंतीतून किती येतं? ऊतीच्या घनफळामागे भिंतीचं क्षेत्र ०.००२८४ प्रति मायक्रोमीटर. पारगम्यतेने गुणलं की ०.०००१४२ प्रति सेकंद. रक्तात १००० नॅनोमोलर असताना ऊतीत सेकंदाला ०.१४२ नॅनोमोलर येतं. सगळे रिसेप्टर भरलेले असताना ते आत ओढतात सेकंदाला ०.०९६ नॅनोमोलर. आवक खपापेक्षा दीडपट, म्हणून भरलेल्या भागाची धार पुढे सरकते. पण रक्तातली संहती घसरते आणि आठव्या मिनिटाला संपूर्ण सिलिंडरच्या खपापेक्षा आवक खाली जाते. त्यानंतर धार पुढे जाते ती भरलेल्या भागाच्या खपापेक्षा आवक जास्त असेपर्यंतच.

धारेचं समीकरण साधं आहे: भरलेल्या भागाच्या वाढीचा दर = आवक ÷ एकूण रिसेप्टर − आत ओढण्याचा दर × भरलेला भाग. ते सोडवलं की सर्वांत मोठा भाग २९ व्या मिनिटाला येतो, ३५ टक्के. त्रिज्येत ४५ मायक्रोमीटर, म्हणजे भिंतीपासून ३७. पलीकडच्या ६५ टक्के ऊतीला जवळजवळ काहीच नाही.

विकरांमुळे अर्धकाळ १४ वरून ७ मिनिटांवर आला तर ३५ चे २२ टक्के होतात, भिंतीपासून २८ मायक्रोमीटर. संपूर्ण सिलिंडर भरायचा तर मात्रा २.८ पट, म्हणजे १४ नॅनोमोल.

बायो संख्या (ऊतीचा अडसर भागिले भिंतीचा अडसर) ०.००८. भिंतीचा अडसर ऊतीतल्या विसरणाच्या कितीतरी वर आहे. रक्तात १००० नॅनोमोलर असताना, रिसेप्टर अजून रिकामे असतील त्या क्षणी, भिंतीच्या लगेच पलीकडे मुक्त पेप्टाइड अवघं १० नॅनोमोलर. पेप्टाइड लहान आहे म्हणून सहज शिरेल, हा समज याच ठिकाणी गळून पडतो.

१ जुलै

सॉल्व्हर. त्रिज्येवर १ मायक्रोमीटरचे ६७ कप्पे, प्रत्येकात तीन अज्ञात, एकूण २०१. पकड-अंतर २० मायक्रोमीटर असल्याने १ मायक्रोमीटर पुरतो. जोडणीचा दर दुप्पट केला तर ते १४ वर येतं, तरीही पुरतो.

पायथनच्या साय-पाय संचातला बीडीएफ (ताठर समीकरणांसाठीची पद्धत) वापरला. साधा रुंगे-कुट्टा इथे निरुपयोगी: स्थिर राहण्यासाठी पाऊल काही मिलिसेकंदांपेक्षा मोठं टाकता येत नाही, आणि २४ तासांसाठी ती एक कोटीहून जास्त पावलं होतात. सापेक्ष सहनशीलता १०⁻⁶, निरपेक्ष १०⁻⁶ नॅनोमोलर. अज्ञात कप्प्यानुसार गुंफून ठेवले (मुक्त, रिकामा, भरलेला, मग पुढचा कप्पा), म्हणजे जेकोबियन मॅट्रिक्सच्या पट्ट्याची रुंदी दोन्ही बाजूंना तीनच राहते. आधी सगळे मुक्त, मग सगळे रिकामे असं ठेवलं तर पट्टा पसरतो आणि वेळ कितीतरी वाढतो.

विसरणाचं पद कप्प्यांच्या सीमेवरच्या प्रवाहाने लिहायचं: सीमेची त्रिज्या × फरक. वर्तुळाकार विसरणाचं सूत्र बिंदूवर जसंच्या तसं उतरवलं तर केशवाहिनीजवळ वस्तुमान गळतं. चाचणी एकच आणि ती प्रत्येक धावेला: भिंतीतून आलेलं = मुक्त + भरलेलं + आत ओढलेलं. फरक एक लाखांशाच्या वर गेला तर ती धाव बाद.

पायाभूत धावेत धार कागदावरच्या जागीच आली. ती उभी तुटलेली नसून सुमारे २० मायक्रोमीटरमध्ये पसरलेली दिसते, आणि पकड-अंतर तेवढंच असल्यामुळे तसंच दिसायला हवं.

९ जुलै

बंधनाने विसरण मंदावतं हे काचेत दाखवण्यासाठी स्वस्त प्रयोग. गाठीची ही नक्कल नाही. समीकरणातलं एक पद खरं वागतं का, एवढंच पाहायचं.

अगारोज १.३३ टक्क्याचं ७५ मिलिलिटर उकळून पारदर्शक करायचं, ६० अंशांपर्यंत निवू द्यायचं. त्यात सोडियम अल्जिनेटचं १ टक्क्याचं, तेवढंच कोमट २५ मिलिलिटर द्रावण हलक्या हाताने मिसळायचं. शेवटी अगारोज १ टक्का, अल्जिनेट ०.२५ टक्के. अल्जिनेट आपल्या कातळकिनाऱ्यावर पावसाळ्यानंतर उगवणाऱ्या सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळातही असतं, पण इथे शुद्ध बाटलीतलंच हवं. दुसरी नळी नुसत्या अगारोजची. तिसरी अल्जिनेट आणि १५० मिलिमोलर मीठ (लिटरला ८.८ ग्रॅम) घालून. जेल ६ सेंटिमीटर, वर ०.१ मिलिमोलर मिथिलीन ब्लू. तिसऱ्या नळीच्या रंगातही तेवढंच मीठ.

मिथिलीन ब्लूवर धन प्रभार, अल्जिनेटवर ऋण. या जेलमध्ये बंधनाच्या जागा सुमारे १२.६ मिलिमोलर, म्हणजे रंगाच्या सव्वाशे पट.

काय बिघडतं: अल्जिनेट थंड घातलं तर गुठळ्या होतात, कारण अगारोज ३६ अंशांच्या आसपास गोठतं. जेल काचेपासून सुटलं तर रंग कडेने खाली धावतो आणि मध्यभागी काही दिसत नाही. अशी नळी टाकून द्यावी. अगारोज कमी ईईओ (प्रभारित गट कमी असलेल्या) प्रतीचं घ्यावं, नाहीतर त्याच्यावरचेच सल्फेट गट रंग धरतात. या दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी धरते, म्हणून ४८ तासांत वाचन संपवावं. मोबाइलने फोटो काढताना एक्सपोजर लॉक करायचं, मागे पांढरा प्रकाश, शेजारी मिलिमीटर कागद, आणि आकडे लाल चॅनेलचे घ्यायचे, कारण मिथिलीन ब्लू लाल प्रकाश शोषतो.

१२ जुलै

नुसत्या अगारोजमध्ये रंग सेंटिमीटरभर उतरला, धार फिकट होत गेलेली. अल्जिनेटच्या नळीत काही मिलिमीटरच, धार ठळक, आणि निळा रंग जांभळ्याकडे झुकलेला: अल्जिनेटच्या साखळीवर रंगाचे रेणू एकमेकांना चिकटून बसले की असं होतं. मिठाच्या नळीत रंग पुन्हा खाली उतरला. अंतराच्या गुणोत्तराचा वर्ग म्हणजे मंदावण्याची पट. तिप्पट फरक असेल तर नऊ पट.

खोली ३० अंश, शरीर ३७. पाण्याची चिकटाई तेवढ्यात ०.८० वरून ०.६९ वर येते, त्यामुळे विसरण १८ टक्क्यांनी वाढतं. तुलना करताना हे धरायचं.

याचा खऱ्या गाठीशी संबंध इतकाच, पण थोडाथोडका नाही: जास्त धन प्रभाराची पेप्टाइडं, उदाहरणार्थ आठ-नऊ आर्जिनिनच्या साखळ्या, पेशींवरच्या हेपरन सल्फेट या ऋण प्रभाराच्या साखळीला अशीच चिकटतात. त्यांच्यासाठी प्रतिमानात रिसेप्टरखेरीज हे दुसरं बंधन घालावं लागेल. आपल्या रेणूवर निव्वळ प्रभार फक्त +२ आहे, म्हणून तूर्त सोडलं.

२२ जुलै

मुख्य प्रश्न: बंधन किती घट्ट असावं?

जोडणीचा दर तोच ठेवून सुटण्याचा दर बदलला. विघटन स्थिरांक १ वरून ०.०१ नॅनोमोलर, म्हणजे शंभरपट घट्ट: खोलीत जवळजवळ फरक नाही. सुटलेला रेणू तीन सेकंदांत पुन्हा पकडला जातच होता. शंभरपट घट्ट पेप्टाइड बनवायला लागणारी मेहनत इथे वाया जाते.

उलट १०० नॅनोमोलर, म्हणजे शंभरपट सैल: पेप्टाइड सुटत-पकडत सरकतं. आत ओढलं जाण्याआधी किती दूर जाऊ शकतं याचं अंतर ३० वरून २२३ मायक्रोमीटरवर जातं, तर सिलिंडर फक्त ६७ चा. थीले मापांकाचा (सिलिंडरचे ६७ मायक्रोमीटर भागिले हे अंतर) वर्ग ५.१ वरून ०.०९ वर येतो. संपूर्ण ऊतीत जवळजवळ सारखंच पेप्टाइड.

मग रक्तात परत निसटणाऱ्याचं काय? परतीचा दर ०.००००४९ प्रति सेकंद, आत ओढण्याचा ०.०००३३. म्हणजे सुमारे ८७ टक्के राहतं. १००० नॅनोमोलरवर मात्र फक्त ४० टक्के उरतं, तिथे खरं नुकसान सुरू होतं.

पेशीच्या हिशेबात, एकूण आवक १७२ नॅनोमोलर धरून:
घट्ट (१ नॅनोमोलर): ३५ टक्के पेशींना प्रत्येकी सुमारे ५.८ लाख रेणू, बाकींना नगण्य.
सैल (१०० नॅनोमोलर): सगळ्या पेशींना प्रत्येकी सुमारे १.८ लाख.

पेशी मारायला १ लाख रेणू पुरत असतील तर सैल पेप्टाइड कितीतरी सरस. ५ लाख लागत असतील तर सैल पेप्टाइडने एकही पेशी मरत नाही आणि घट्टच योग्य. म्हणून औषध ठरल्याशिवाय पेप्टाइडची घट्टपणाची चाचणी जिंकण्याची घाई करू नये, असं आमचं ठाम मत आहे. मेलेल्या पेशीतून सुटून शेजारच्या पेशीत शिरणारं औषध असेल तर हिशेब पुन्हा घट्टाकडे झुकतो.

३० जुलै

एकदम टोचावं की सावकाश सोडावं? रक्तातली एकूण मात्रा तीच ठेवून चार तासांत सोडली तर आवक तासाला ४३ नॅनोमोलर, आणि रिसेप्टरांची खपाची ताकद तासाला ३४६. पहिल्या १२ टक्के ऊतीतच सगळं संपतं, भिंतीपासून १९ मायक्रोमीटरवर. घट्ट पेप्टाइड असेल तर एकदम टोचणंच बरं. सैल पेप्टाइडला दोन्ही पद्धती जवळजवळ सारख्या.

उंदरावरून माणसावर: पेशीबाहेरचं पाणी १५ लिटर, गाळण मिनिटाला १२० मिलिलिटर, अर्धकाळ ८७ मिनिटं. रक्तातल्या संहतीच्या आलेखाखालचं तेच एकूण क्षेत्रफळ हवं तर २.४ मायक्रोमोल, ५.२ मिलिग्रॅम शुद्ध पेप्टाइड. पण शिखर १६० नॅनोमोलरवरच राहतं, म्हणजे आवक सेकंदाला ०.०२३, खपाच्या चौथ्या हिश्श्याइतकी. एकूण तेवढंच, खोली कमी. उंदरातलं तेच शिखर हवं तर १५ मायक्रोमोल, ३२ मिलिग्रॅम. किलोमागे मात्रा जुळवून केलेली तुलना हा फरक झाकून टाकते.

गाळलेलं पेप्टाइड मूत्रपिंडाच्या नलिका परत शोषतात. डोटाटेटसोबत लायसिन-आर्जिनिन देतात ते हे शोषण अडवायला. औषध जोडलेल्या पेप्टाइडसाठी मूत्रपिंडाचा वेगळा कप्पा लागेल.

८ ऑगस्ट

सात घटकांचं सोबोल विश्लेषण (कोणत्या घटकाने उत्तर किती हलतं याचा हिशेब): १०२४ × १६ = १६,३८४ धावा. दर २०० धावांनी निकाल डिस्कवर, कारण या दिवसांत वीज कधीही जाते आणि इन्व्हर्टर रात्रभर पुरत नाही. नमुन्यांचा क्रमांक फाइलच्या नावातच, म्हणजे तिथूनच पुढे सुरू करता येतं. अर्धवट संच वापरून निर्देशांक काढू नयेत. साल्टेलीच्या मांडणीत (या विश्लेषणासाठी नमुने रचण्याची पद्धत) ओळी गटाने येतात, एक गट अपुरा राहिला की निर्देशांक ऋण येऊ लागतात.

एकूण आवकीवर पारगम्यता आणि रक्तातला अर्धकाळ यांचंच राज्य. खोलीवर त्या दोघांबरोबर रिसेप्टरांची संख्या आणि आत ओढण्याचा वेग. सुटण्याच्या दराचा प्रभाव पट्ट्याच्या सैल टोकालाच दिसतो. विसरण गुणांक सगळ्यात मागे.

पुढचं काम: पारगम्यतेचा पट्टा अरुंद करणं, त्याशिवाय बाकी आकडे घासूनपुसून उपयोग नाही. चमकणारा रेणू जोडलेलं पेप्टाइड देऊन ५, १५ आणि ३० मिनिटांनी गाठीचे काप, प्रत्येक कापात केशवाहिन्या वेगळ्या रंगाने. १५ मिनिटांपर्यंतची एकूण चमक पारगम्यता देईल, ३० मिनिटांची धार रिसेप्टरांची संख्या. दोन्ही एकाच कापातून काढायला गेलं तर ती एकमेकांची जागा घेतात. त्यासाठी मात्रा ५ आणि १४ नॅनोमोल, दोन्ही शुद्ध पेप्टाइडच्या हिशेबाने.